प्रिंटआधी खरेदी भावाचे कॉलम लपवायचे आहेत, मॅक्रो नीट कसा लिहावा?

गांधीबाग_हिशेब
नमस्कार मंडळी. इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाचे हिशेब मी पाहते. भावपत्रक एक्सेल २०१६ मध्ये आहे, सगळं एकाच शीटवर: वस्तू, पॅकिंग, पुरवठादार, खरेदी भाव, भाडं, हमाली, पडता (भाडं-हमाली धरून पडणारा भाव), मार्जिन, विक्री भाव, जीएसटी, शिल्लक पोती. सगळ्यात वर दुकानाचं नाव आणि तारीख.

रोज याच शीटच्या तीन प्रिंट निघतात. गिऱ्हाइकाला द्यायची, त्यात पुरवठादार, खरेदी, पडता, मार्जिन काहीही दिसायला नको. गोदामात द्यायची, त्यात फक्त वस्तू, पॅकिंग आणि शिल्लक. मालकांची, त्यात सगळं.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलने आपोआप करायच्या कामांची यादी, रेकॉर्ड करून बघितला. दोन अडचणी आहेत. एक, मधे नवा कॉलम टाकला की मॅक्रो जुनीच अक्षरं धरून राहतो आणि भलताच कॉलम लपतो. दुसरी मला कळलेलीच नाही: हाताने कॉलम लपवले तर बरोबर लपतात, तेच रेकॉर्ड करून चालवलं की विक्री भावही गायब होतो. शिवाय प्रिंट झाल्यावर सगळे कॉलम आपोआप परत यायला हवेत. प्रिंट दुकानातला मुलगा काढतो, त्याला एक्सेलची फार माहिती नाही.

कोणी असं काम केलं आहे का?

तर्री_पोहे
मॅक्रो कायले पायजे ताई? कॉलम निवडा, कंट्रोल-शून्य दाबा, प्रिंट मारा. झालं नं.

गांधीबाग_हिशेब
भाऊ, दिवसातून तीन तऱ्हेच्या प्रिंट आहेत आणि गर्दीच्या वेळी काढायच्या असतात. समोर गिऱ्हाईक उभं असताना त्या मुलाने अकरा कॉलमांतून बरोबर सहा-सात निवडावेत ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. त्याच्या हातून खरेदी भावाचा कागद बाहेर गेला तर बोलणी त्यालाच बसतील.

तर्री_पोहे
हे बराबर आहे. पोराची काळजी करून राहिल्या तुम्ही, मग मी माझी सूचना मागे घेतो. अन् कंट्रोल-शिफ्ट-शून्याने कॉलम परत आणायला जाल तर बऱ्याच विंडोजवर ते चालत नाही, कीबोर्डची भाषा बदलायचा शॉर्टकट मधे येतो.

सदरची_प्राध्यापिका
मॅक्रोच्या आधी कस्टम व्ह्यूज पाहा. व्ह्यू मेनूत आहे. एकदा हाताने कॉलम लपवायचे, प्रिंट एरिया आणि पानाची मांडणी ठरवायची, आणि त्या अवस्थेला नाव देऊन जपून ठेवायचं. ‘गिऱ्हाईक’, ‘गोदाम’, ‘मालक’ अशी तीन नावं. नंतर यादीतून नाव निवडलं की कॉलम आपसूक लपतात किंवा उघडतात. नावं मराठीत चालतात. मी अंतर्गत गुणांच्या याद्या अशाच काढते: सूचनाफलकावर रोल नंबर आणि गुण, विभागाच्या फाइलमध्ये नावासकट सगळं. विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर आणि आधार क्रमांक फलकावर लागू नयेत यासाठी मी फार जपते. गावभर वाचला जाणारा कागद असतो तो.

बुटीबोरीकर
प्राध्यापिका मॅडमचा उपाय साधा आहे अन् चांगला आहे, पण एक अट आहे. त्या वर्कबुकमध्ये कुठेही, अगदी दुसऱ्या शीटवरसुद्धा, इन्सर्ट टेबल करून केलेलं टेबल असेल तर कस्टम व्ह्यूजचं बटण मरतं. पुसट दिसतं, दाबलं जात नाही. आमच्या कारखान्यात स्टोअरच्या प्रत्येक फाइलमध्ये टेबल आहे, म्हणून आम्हाला तो रस्ता बंद.

ताई, तुमच्याकडे टेबल आहे का?

गांधीबाग_हिशेब
आहे. विक्री भाव आणि जीएसटीची सूत्रं खाली आपोआप उतरावीत म्हणून भावपत्रकच टेबलात केलंय. ते मोडायचं नाही.

बुटीबोरीकर
मग मॅक्रोच. मी कसं केलंय ते सांगतो. मॅक्रो लिहायच्या खिडकीत, म्हणजे एडिटरमध्ये, सगळं इंग्रजीत टाइप करायचं असतं, इथे अर्थ सांगतो.

कॉलमांची अक्षरं मॅक्रोत लिहायचीच नाहीत. शीटच्या पहिल्या ओळीत खुणा लिहायच्या. १ म्हणजे गिऱ्हाइकाची प्रिंट, २ गोदामाची, ३ मालकांची. ज्या कॉलमच्या डोक्यावर ३ आहे तो फक्त मालकांच्या प्रिंटमध्ये दिसेल. १३ असेल तर गिऱ्हाईक आणि मालक दोघांना. रिकामं असेल तर सगळ्यांना. तुमच्या शीटमध्ये वस्तू आणि पॅकिंग रिकामे, खरेदी-भाडं-हमाली-पडता-मार्जिन-पुरवठादार यांवर ३, विक्री भाव आणि जीएसटीवर १३, शिल्लक पोत्यांवर २३.

या खुणांच्या पट्ट्याला नेम मॅनेजरमध्ये एक नाव द्या. मॅक्रो त्या नावाच्या पट्ट्यातला एकेक सेल बघतो. सेल रिकामा नसेल आणि त्यात मागितलेला आकडा नसेल, तर त्या सेलच्या एन्टायर-कॉलमचं हिडन ट्रू करतो, म्हणजे अख्खा कॉलम लपवतो, नाहीतर फॉल्स, म्हणजे उघडतो. बास, लूपच्या आत एकच ओळ. मधे शीटचा अख्खा नवा कॉलम टाकला तर नावाचा पट्टा स्वतःच रुंद होतो आणि खुणा आपापल्या कॉलमसोबत सरकतात. तुमची पहिली अडचण इथेच संपते. फक्त कॉलम अगदी शेवटी जोडलात तर पट्टा वाढत नाही, म्हणून शेवटी एक रिकामा अरुंद कॉलम पट्ट्यात धरून ठेवा आणि नवं काही टाकायचं ते त्याच्या अलीकडे.

पहिली ओळ लपवून टाका. लपलेल्या सेलमधली किंमत मॅक्रोला वाचता येते.

कळमना_अडत
हे लय भारी आहे भाऊ. आमच्या अडतीच्या पट्टीवर असंच पायजे होतं. शेतकऱ्याच्या पट्टीत एक दिसते, व्यापाऱ्याच्या बिलात दुसरं. पण आकडे काऊन? ‘ग’, ‘द’, ‘म’ असं लिहिलं तं पोराले लवकर समजंल.

बुटीबोरीकर
शीटवर ‘ग’ लिहिता येईल हो, पण मॅक्रोत तो ‘ग’ लिहिता येत नाही. व्हीबीए म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, तिचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) धरत नाही. देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून ‘कॉलमचं शीर्षक खरेदी भाव असेल तर लपव’ अशी अट थेट कोडमध्ये घालता येत नाही. क्रमांकावरून अक्षर बनवणारं फंक्शन आहे, त्याने जमतं, पण एकेक मात्रा-वेलांटी आकड्याने लिहावी लागते आणि नंतर वाचणाऱ्याला काही कळत नाही. ज्याला मराठी शब्द हवेत त्याने ते शीटच्या सेलमध्ये ठेवावेत आणि मॅक्रोने तिथून उचलावेत. तिथे देवनागरी अगदी नीट राहतं.

महालचे_काका
युनिकोडबद्दल बोलताय म्हणून सांगतो, ज्यांच्या फाइली अजून जुन्या लिपी-फॉन्टमध्ये आहेत त्यांना शीर्षकावरून कॉलम शोधायचा प्रयत्न करू देऊ नका. तिथे डोळ्यांना ‘भाव’ दिसतं आणि सेलमध्ये इंग्रजी अक्षरांचा खिचडा असतो.

मी लोटस वन-टू-थ्री या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामच्या काळापासून हे काम करतोय. त्यातही कॉलम लपवण्याची आज्ञा होती, वर्कशीट-कॉलम-हाइड. मॅक्रो वेगळ्या खिडकीत नसायचा, शीटच्याच एखाद्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये दाबायच्या कळा ओळीने लिहायच्या, त्या जागेला उलटी तिरपी रेघ आणि एक अक्षर असं नाव द्यायचं, मग ऑल्ट आणि ते अक्षर दाबलं की चालू. एक्सेलमध्ये व्हीबीए १९९३ साली पाचव्या आवृत्तीत आलं. बुटीबोरीकरांची खुणांची ओळ पाहून मला आनंद झाला. नियम शीटवर, सगळ्यांना दिसेल असा, हीच पद्धत टिकाऊ आहे. कोड लिहिणारा नोकरी सोडून जातो, शीट राहतं.

वाडी_ट्रान्सपोर्ट
काका, आमच्याकडे अजून डॉट मॅट्रिक्स चालतो, बिल्टीच्या कार्बन प्रती लागतात ना. कॉलम लपवले नाहीत तर रुंदी मावतच नाही, उरलेला तुकडा पुढच्या पानावर जातो.

रेशीमबाग_कोडर
सगळे बटणाच्या मॅक्रोबद्दल बोलताहेत, पण एक्सेलमध्ये यासाठीच इव्हेंट (अमुक घडलं की आपोआप चालणारा मॅक्रो) आहे, बिफोर-प्रिंट. धिस-वर्कबुकच्या मोड्यूलमध्ये लिहायचा. कोणीही, कुठूनही प्रिंट दिली तरी आधी तो चालतो. मुलाला नवं बटण शिकवायलाच नको, नेहमीचं कंट्रोल-पी पुरे. तिथेच कॉलम लपवा.

बुटीबोरीकर
आणि परत कुठे आणणार? बिफोर-प्रिंट आहे, आफ्टर-प्रिंट नावाचा इव्हेंट एक्सेलमध्ये नाही. कॉलम लपलेलेच राहतात. मग सकाळी कोणीतरी खरेदी भाव शोधत बसतो.

रेशीमबाग_कोडर
त्यावर उपाय आहे. इव्हेंटला कॅन्सल नावाचा पॅरामीटर मिळतो. तो ट्रू करून मूळ प्रिंट थांबवायची, एनेबल-इव्हेंट्स बंद करायचे (नाहीतर आपलीच प्रिंट पुन्हा तोच इव्हेंट उठवेल), कॉलम लपवायचे, कोडमधून प्रिंट-आउट द्यायची, कॉलम उघडायचे, इव्हेंट्स परत चालू करायचे. दुसरा मार्ग म्हणजे ऑन-टाइम वापरून उघडायचं काम प्रिंटनंतरच्या क्षणावर टाकायचं.

बुटीबोरीकर
चालतं, मान्य. पण मूळ प्रिंट रद्द केली की त्या मुलाने खिडकीत निवडलेल्या प्रतींची संख्या आणि पानं वाया जातात, कोडमधली प्रिंट-आउट आपल्याच हिशेबाने छापते. आणि मधे कुठे चूक येऊन कोड थांबला तर इव्हेंट्स बंदच राहतात, एक्सेल बंद करून उघडेपर्यंत. त्यासाठी ऑन-एररने शेवटच्या भागात उडी मारून तिथे कॉलम उघडणं आणि इव्हेंट्स चालू करणं, दोन्ही ठेवलंच पाहिजे.

शिवाय ताईंना तीन प्रिंट आहेत. कंट्रोल-पी दाबल्यावर मॅक्रोला कसं कळणार कोणती हवी?

रेशीमबाग_कोडर
हो, तीन प्रकार असताना बटणंच बरी. हा मुद्दा पटला. पण इव्हेंट पूर्ण सोडू नका, त्याला पहारेकरी करा. बिफोर-प्रिंटमध्ये फक्त एवढं बघायचं: खरेदी भावाचा कॉलम उघडा आहे का? असेल तर कॅन्सल ट्रू आणि एक निरोप, ‘वरच्या बटणाने प्रिंट काढा’. निरोपाचा मराठी मजकूर एखाद्या सेलमधून घ्यावा असं म्हणाल, पण नेहमीची मेसेज खिडकीही देवनागरीला प्रश्नचिन्हं करते, तेव्हा तो निरोप इंग्रजी लिपीतच लिहा. मालकांच्या बटणात तेवढ्यापुरते इव्हेंट्स बंद करा म्हणजे पहारा आड येणार नाही. गिऱ्हाइकाच्या बटणाने कॉलम आधीच लपलेले असतात, त्यामुळे ती प्रिंट सरळ जाते.

गांधीबाग_हिशेब
हे मला फार आवडलं. चुकून कंट्रोल-पी दाबलं तरी कागद बाहेर येणार नाही, मला हीच धास्ती होती.

धरमपेठ_सीए
माझा विरोध नोंदवून ठेवा. फाइल उघडताना मॅक्रो बंद राहिले, तर पहारेकरी झोपलेला आणि सगळे कॉलम उघडे. फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह झाली तर मॅक्रो उडालेच, ती एक्सएलएसएम असावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो तर मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावं लागतं.

माझ्या मते जे गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, ते गिऱ्हाइकाच्या शीटवर असूच नये. छपाईसाठी वेगळं शीट करा. त्यात वस्तू, पॅकिंग, विक्री भाव, जीएसटी एवढेच कॉलम, सूत्राने मूळ शीटवरून आलेले. २०१६ मध्ये इंडेक्सने होतं. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यांना चूज-कॉल्स या एका सूत्रात हवे ते कॉलम उचलता येतात. लपवणं नको, उघडणं नको, मॅक्रोही नको.

बुटीबोरीकर
सीए साहेब, सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ठोक किराण्यात रोज वस्तू वाढतात, गळतात. छपाईच्या शीटवर सूत्रं किती ओळी खाली ओढून ठेवायची? कमी ओढली तर शेवटच्या वस्तू छापल्याच जात नाहीत, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. जास्त ओढली तर खाली शून्यं किंवा रिकामी पानं. २०१६ वर हे सांभाळायला पुन्हा मॅक्रोच लागतो.

धरमपेठ_सीए
ओळींचा प्रश्न खरा आहे. तरी एक गोष्ट इथल्या प्रत्येकाने पाळावी अशी कळकळीची विनंती: कॉलम लपवलेली एक्सेल फाइल कधीही बाहेर पाठवू नका. लपवलेला कॉलम दोन क्लिकमध्ये उघडतो. शीटला पासवर्ड लावला तरी ते कुलूप गोपनीयतेसाठी बनवलेलंच नाही. समोरच्या पार्टीला तुमचा खरेदी भाव, मार्जिन आणि पुरवठादाराचं नाव मिळालं तर पुढच्या सौद्यात तुमच्या हातात काय उरलं? बाहेर द्यायचं ते कागदावर किंवा पीडीएफ. पीडीएफमध्ये लपवलेले कॉलम जातच नाहीत. प्रिंटच्याच मॅक्रोत प्रिंट-आउटच्या जागी एक्सपोर्ट-अ‍ॅज-फिक्स्ड-फॉरमॅट टाकलं की पीडीएफ तयार.

सदरची_प्राध्यापिका
याला माझा जोरदार पाठिंबा. आणि कॉपी-पेस्ट करतानाही जपा. लपवलेल्या कॉलमांवरून निवड करून दुसरीकडे चिकटवलं तर लपलेलंही सोबत जातं. आधी ऑल्ट आणि अर्धविराम दाबायचा म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडले जातात.

कळमना_अडत
माझा एक प्रश्न मधेच. कॉलम लपवला की त्याची बेरीज एकूणातून जाते का? सबटोटलमध्ये १०९ लिहिलं तं लपलेलं सोडून बेरीज होते असं आयकलं होतं.

महालचे_काका
ते लपवलेल्या ओळींना लागू आहे, कॉलमांना नाही. आडव्या बेरजेत लपलेला कॉलमही धरलाच जातो. तुमच्या पट्टीत हमाली, तोलाई लपवून एकूण छापलं तर समोरच्याला आकडा जुळणार नाही आणि तो शंका घेईल, ते बरोबरच आहे त्याचं. कष्टाच्या मालाची पट्टी आहे ती. शेतकऱ्याच्या पट्टीत कपातीचा एकही कॉलम लपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कळमना_अडत
नाही काका, कपात आम्ही दाखवूनच राहिलो. लपवतो ते आमच्या खात्याचे नंबर.

काटोलची_संत्री
आमच्याकडे गूगल शीट्स आहे. तिथे बिफोर-प्रिंट सापडत नाही मला. कुठे असतं?

रेशीमबाग_कोडर
नाहीच आहे तिथे. तिथल्या मॅक्रोंच्या सोयीत, म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये, फाइल उघडल्यावर, सेल बदलल्यावर, फॉर्म भरल्यावर, ठरलेल्या वेळी असे ट्रिगर आहेत, प्रिंटचा नाही. फाइल उघडताना स्वतःचा मेनू तयार होईल असं करा आणि त्यात ‘लपवा’ व ‘उघडा’ अशी दोन कामं ठेवा. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये देवनागरी बिनधास्त लिहा, मेनूची नावं मराठीत दिसतात. लिब्रेऑफिसवाल्यांनाही शीर्षकं मराठीत वापरता येतात, मात्र मॅक्रो तिथल्या बेसिकमध्ये लिहिलेला बरा, एक्सेलचा व्हीबीए जसाच्या तसा प्रत्येक वेळी चालत नाही.

तर्री_पोहे
गूगलवर मराठी चालते अन् एक्सेलच्या एडिटरमध्ये नाही, हे काही बराबर नाही बाप्पा. पण मले एक सांगा, ताईची दुसरी अडचण तशीच राहिली. हाताने लपवलं तं बराबर, मॅक्रोने विक्री भाव गायब. याचं उत्तर कोणी दिलंच नाही.

महालचे_काका
शाब्बास, मूळ प्रश्न तूच धरून ठेवलास. ताई, वर दुकानाचं नाव लिहिलंय म्हणालात. ते सेल मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले, आहेत का?

गांधीबाग_हिशेब
हो काका. पुरवठादाराच्या कॉलमपासून विक्री भावापर्यंत मर्ज करून मधोमध नाव. त्याच्या पुढे तारीख.

महालचे_काका
मग चोर सापडला. माउसने कॉलमच्या अक्षरावर क्लिक केलं तर एक्सेल तेवढाच कॉलम निवडतं. पण रेकॉर्डर ते ‘कॉलम सिलेक्ट कर, मग सिलेक्शन लपव’ असं लिहून ठेवतो, आणि मॅक्रोतून सिलेक्ट करताना वाटेत मर्ज केलेला सेल आला की निवड त्या मर्जच्या पूर्ण रुंदीला पसरते. मर्ज विक्री भावापर्यंत आहे, म्हणून तोही लपतो.

सिलेक्ट हा शब्दच काढून टाका. बुटीबोरीकरांच्या कोडमध्ये सेलवरून थेट एन्टायर-कॉलम धरलाय, त्यात हे होत नाही. आणि मर्जही काढा. फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटखाली ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे, दिसायला तसंच, सेल मात्र सुटे राहतात. दुकानाचं नाव पहिल्या, कधीच न लपणाऱ्या कॉलममध्ये लिहा.

बुटीबोरीकर
काका, हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मर्ज नसल्याने कधी गाठच पडली नाही. मनापासून आभार.

धरमपेठ_सीए
शीट प्रोटेक्ट केलेलं असेल तर तेही सांगून ठेवतो: प्रोटेक्ट असताना मॅक्रोलाही कॉलम लपवता येत नाही. प्रोटेक्ट करताना यूजर-इंटरफेस-ओन्ली ट्रू (कुलूप फक्त हाताने केलेल्या बदलांना, मॅक्रोला नाही) द्यावं लागतं, आणि ते फाइल बंद केल्यावर टिकत नाही, म्हणून वर्कबुक-ओपनमध्ये दरवेळी पुन्हा द्यायचं.

गांधीबाग_हिशेब
आज दुपारी बसून केलं आणि चाललं! मर्ज काढला, वर खुणांची ओळ, तीन बटणं, बिफोर-प्रिंटचा पहारा, ऑन-एरर. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारं भावपत्रक आजपासून पीडीएफ. सीए साहेबांचं ऐकून मालकांशीही बोलले, मूळ फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरबाहेर जाणार नाही असं ठरलं. मुलाने पहिल्याच वेळी तिन्ही प्रिंट बरोबर काढल्या, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सगळ्यांचे खूप खूप आभार.

एकच राहिलं. गोदामाच्या प्रिंटमध्ये तीनच कॉलम उरतात, मग अक्षरं पानाच्या डाव्या कडेला दाटीने येतात आणि अर्धं पान कोरं जातं. ‘एका पानाच्या रुंदीत बसव’ निवडलेलं आहे तरीही.

बुटीबोरीकर
ते सेटिंग मोठं असलेलं लहान करतं, लहान असलेलं मोठं करत नाही. गोदामाच्या बटणात पेज-सेटअपचा झूम स्वतः आकड्याने द्या, १५० पासून सुरुवात करून बघा, आणि सेंटर-हॉरिझॉन्टली ट्रू. बाकी दोन बटणांत झूम फॉल्स करून एक पान रुंद हे परत लावा, उंचीचं फॉल्स ठेवा, नाहीतर सगळ्या वस्तू एकाच पानात कोंबल्या जातील. आणि प्रिंट-आउटला आधी प्रिव्ह्यू ट्रू द्या. प्रिव्ह्यू बंद होईपर्यंत मॅक्रो थांबून राहतो, कॉलम नंतरच उघडतात, त्यामुळे मुलाला कागद निघायच्या आधी नजर टाकता येईल.

तर्री_पोहे
गोदामात उजेड कमी असतो ताई, १५० नाही, १७० ठेवा. हमालभाऊंना लांबून वाचता आलं पायजे.

गांधीबाग_हिशेब
१७० वर तिन्ही कॉलम पानात बसताहेत. तेच ठेवलं.